बन्यूमासच्या चालुंगची नोंद ठेवताना

जावाचं बांबूचं संगीत म्हटलं की बहुतेकांना आंगक्लुंग आठवतं. बांबूच्या नळ्यांचं, हातात धरून हलवायचं वाद्य. ते पश्चिम जावातल्या सुंदा लोकांचं. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि त्याचं नाव जगभर झालं. मी ज्याची नोंद करायला गेले त्या संगीताचं नाव चालुंग. ते मध्य जावाच्या पश्चिम टोकाला, बन्यूमास भागात वाजतं. सुंदा लोकांकडेही चालुंग नावाचं एक वाद्य आहे, पण ते हातात धरून वाजवतात. बन्यूमासचं चालुंग हा अख्खा वाद्यमेळ आहे, आणि त्यात ढोल सोडला तर सगळं बांबूचं आहे.

मी इंडोनेशियात आले ती दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर. तिथलं सरकार १९७४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना भाषा आणि कला शिकायला ही शिष्यवृत्ती देतं. मध्य जावातल्या सोलो शहराच्या कलासंस्थेत मी गामेलान, म्हणजे जावाचा काशाच्या वाद्यांचा मेळ, शिकत होते, आणि त्याआधी ध्वनिमुद्रणाचं काम केलेलं असल्यामुळे संस्थेतली मित्रमंडळी कुठे काही रेकॉर्ड करायचं असलं की मला ओढून न्यायची. त्यातलाच एक मित्र बन्यूमासचा. सेरायू नदीकाठच्या त्याच्या गावात चालुंगचं जुनं पथक होतं आणि वाद्यं बनवणारा म्हातारा कारागीर एकच उरला होता. गावच्या तरुण मंडळाला, ज्याला तिकडे कारांग तारुना म्हणतात, हे सगळं नीट नोंदवून ठेवायचं होतं. व्हिडिओ मोबाइलवर भरपूर होते. पण वाद्य कसं बनतं, कोणता स्वर कुठे लावलाय, कोणतं गाणं कुणाकडून आलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

परवानग्यांचा भाग थोडक्यात सांगते. संस्थेचं पत्र घेऊन आधी तालुक्याच्या कचेरीत, मग गावच्या सरपंचाकडे, मग वस्तीच्या प्रमुखाकडे. प्रत्येक ठिकाणी बसायचं, गोड चहा प्यायचा, बरोबर आलेलं मेंदोआन खायचं आणि काय करणार ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मेंदोआन म्हणजे टेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप पिठात बुडवून अर्धवट, मऊसर तळलेले, हिरव्या मिरचीबरोबर खातात. या भेटींचा फायदा असा झाला की पथकाला भेटायच्या आधीच अख्ख्या गावाला आमचं काम माहीत झालं होतं.

बन्यूमासबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुर्वोकर्तो हे इथलं मोठं शहर, जकार्ताहून रेल्वेने पाचेक तासांवर. उत्तरेला स्लामेट ज्वालामुखी, ३,४०० मीटरहून उंच. जावाची दरबारी संस्कृती सोलो आणि योग्यकर्ता या दोन शहरांची. बन्यूमास त्यांच्यापासून लांब, सुंदा मुलखाच्या वेशीवर. माताराम या जुन्या जावानी राज्यात हा पश्चिमेकडचा बाहेरचा प्रांत होता, आणि १८२५ ते १८३० या काळात झालेल्या जावा युद्धानंतर डचांनी तो दरबाराच्या हातून काढून घेतला. सोलोच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटी येणारा ‘आ’ बऱ्याचदा ‘ऑ’ होतो. बन्यूमासमध्ये तो ‘आ’च राहतो, आणि शेवटचा ‘क’ गिळला न जाता ठणठणीत ऐकू येतो. या बोलीला न्गापाक म्हणतात. इंडोनेशियन टीव्हीवर गावंढळ नोकर दाखवायचा असला की त्याच्या तोंडी ही बोली हमखास देतात. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या माणसाला पुण्यामुंबईत काय काय ऐकून घ्यावं लागलं आहे ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. गेल्या काही वर्षांत मात्र वारं फिरलंय. ‘ओरा न्गापाक, ओरा कपेनाक’, म्हणजे न्गापाक नाही तर मजा नाही, असं छापलेले टीशर्ट पुर्वोकर्तोत सर्रास दिसतात. छाया-बाहुल्यांच्या खेळातला बावोर, गोल पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा, तोंडावर खरं बोलणारा विदूषक, तो तर या जिल्ह्याची खूणच झालाय.

चालुंग या सगळ्याच्या मधोमध आहे. काशाचं गामेलान महाग आणि वजनदार. ते असायचं दरबारात, जमीनदाराच्या वाड्यात. बांबूचा संच माणसं खांद्यावर टाकून गावोगाव न्यायची आणि जिथे थांबतील तिथे वाजवून पैसे मिळवायची.

कामाची सुरुवात आम्ही वाजवण्यापासून न करता बनवण्यापासून केली. हा आग्रह कारागिराचा. सगळं गाव त्यांना म्बाह म्हणायचं, म्हणजे आजोबा, म्हणून मीही तेच म्हणायची. त्यांचं म्हणणं, आवाज ऐकून घेशील, पण बांबू कुठून आला ते बघितलं नाहीस तर ऐकलेलं तुला कळणार नाही. त्यामुळे माझी पहिली रेकॉर्डिंगं म्हणजे कोयत्याचा आणि करवतीचा आवाज आहे.

चालुंगला लागतो प्रिंग वुलुंग, काळसर जांभळ्या सालीचा बांबू. तो कोरड्या हंगामात तोडायचा, कारण पावसाळ्यात त्यात रस भरलेला असतो आणि मग भुंगा लागून आतून पीठ होतं. कोवळा चालत नाही. निदान तीन वर्षांचा हवा. तोडल्यावर तो पानांसकट बेटातच उभा टेकवून ठेवतात, म्हणजे उरलेला ओलावा पानांवाटे निघून जातो. त्यानंतर कित्येक महिने चुलीच्या वरच्या माळ्यावर, धुरात. म्बाहांच्या स्वयंपाकघरात वर बघितलं की काजळी धरलेल्या बांबूंची रांग दिसायची, आणि त्यातल्या प्रत्येकाचं त्यांच्या मनात आधीच काहीतरी ठरलेलं असायचं: हा जाड, हा खालच्या स्वराला, हा बारीक पण दाट, हा वरच्याला.

एक नळी घडताना मी अगदी जवळ बसून पाहिली आणि माइक त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ठेवला. नळीच्या एका टोकाला बांबूचं पेर तसंच ठेवतात, म्हणजे ती बाजू बंद. दुसऱ्या बाजूने अर्धी भिंत तिरकी तासून काढली की जिभेसारखी लांब पट्टी उरते. म्हणजे एकाच बांबूत दोन गोष्टी आल्या, वाजणारी पट्टी आणि तिच्याखाली हवेची पोकळी. स्वर लावायचा म्हणजे या दोघींचं जुळवायचं. पट्टीचं टोक किंचित कापलं की स्वर चढतो. बुडाशी, जिथे ती लवते तिथे, आतून पातळ केली की उतरतो. पण पट्टी बरोबर लागली तरी पोकळी जुळली नाही तर आवाज बसका येतो, लाकडावर टकटक केल्यासारखा. मग पोकळीचं तोंड थोडं आणखी खोल कापायचं. म्बाह नळी गुडघ्यावर ठेवून अंगठ्याने पट्टी वाजवायचे, ओठांतल्या ओठांत जुन्या संचातला स्वर गुणगुणायचे, सुरीने दोन हलके हात मारायचे, पुन्हा वाजवायचे. एका क्षणी नळी एकदम ‘उघडते’. मी हेडफोनवर होते. त्या एका तासणीने आवाज दुप्पट मोठा झाला, सुरी मात्र जेमतेम फिरली होती. म्बाहांनी नळी बाजूला ठेवली आणि पुढची घेतली.

हे चित्रित करताना आम्ही त्यांना मुद्दाम काही समजावून सांगायला लावलं नाही. हात काय करतायत तेच टिपलं आणि प्रश्न नंतर, चहाच्या वेळी विचारले. हाताचं ज्ञान बोलायला लावलं की माणूस थबकतो आणि हातही अडखळतो, असं मला आधीच्या कामातून ठाऊक होतं.

मग स्वरांची मोजणी. चालुंग बहुतेक स्लेंद्रोत लावतात. स्लेंद्रो म्हणजे सप्तकाचे पाच भाग, जवळजवळ सारखे. भूप ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला पहिल्यांदा ते भूपासारखं किंवा दुर्गासारखं वाटतं, आणि थोड्याच वेळात कान गोंधळतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर भूपात दोन स्वरांमधलं अंतर कुठे साधारण २०० तर कुठे ३०० सेंट असतं. स्लेंद्रोत ते सगळीकडे २४०च्या आसपास. म्हणजे गंधार म्हणून जो ऐकायला जावा तो आपल्या गंधाराहून वर बसलेला. त्यातही जावात प्रमाण पट्टी अशी नाहीच. एका गावच्या संचाचा स्वर दुसऱ्या गावच्या संचाशी जुळत नाही आणि तसा तो जुळावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. याप कुन्स्ट या डच संगीतशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इंडोनेशियातल्या वाद्यांची अशी मोजमापं मोठ्या कष्टाने घेतली होती. आज तेच काम लॅपटॉपवर होतं, पण प्रश्न तेच आहेत: काय मोजायचं, आणि आलेल्या आकड्याचं काय करायचं.

मी प्रत्येक नळी चारपाच वेळा वाजवून घेतली, जोर कमीजास्त करत. आकडे आले तेव्हा दिसलं की वरच्या सप्तकातले काही स्वर खालच्याच्या बरोबर दुप्पट नव्हते, थोडे चढे होते. मंडळातल्या एका मुलाने फोनमधलं ट्यूनर ॲप काढलं आणि म्हणाला, ‘म्बाह, हे दुरुस्त करून मग रेकॉर्ड करू या.’ म्बाहांनी त्याच्यासमोर दोन्ही नळ्या एकत्र वाजवल्या. दोन आवाजांच्या मधे एक हलकी लहर ऐकू येत होती. ही लहर काढली तर संच झोपेल, असं त्यांनी सांगितलं. आम्ही आकडे होते तसेच लिहिले. बांबू दमट हवेत ओल धरतो आणि स्वर हलतो, म्हणून प्रत्येक मोजणीबरोबर तारीख, वेळ आणि पाऊस होता की ऊन तेही लिहिलं. पुढे कुणाला हा संच पुन्हा बनवायचा असेल तर त्याला नेमका हाच संच बनवता यावा, त्याची सुधारलेली आवृत्ती नव्हे.

आता वाजवण्याकडे येते. मेळात दोन गाम्बांग असतात, पंधरासोळा नळ्या दोरीत ओवून लाकडी घोडीवर बांधलेल्या. मग डंडम आणि कनोंग, यांच्या नळ्या मोजक्या आणि मोठ्या. ताल सांभाळतो तो कंडांग, चामड्याचा ढोल, आणि तोच खरा नायक. शिवाय गोंग बुम्बुंग. काशाच्या भल्यामोठ्या गोंगचं काम इथे बांबू करतो. एक जाड नळा, त्यात घातलेली एक बारीक नळी, आणि बारीक नळीतून वादक ओठ थरथरवून फुंकतो. आवाज येतो तो खोल, घुमणारा, थोडासा माणसाच्या गळ्यासारखा. या वादकाच्या जवळ माइक नेला तर श्वासाचा फुत्कार जास्त आणि स्वर कमी. लांब ठेवला तर बाकीचे त्याला खाऊन टाकतात. शेवटी माइक नळ्याच्या तोंडासमोर न धरता बाजूला, जमिनीलगत ठेवला. सिमेंटच्या फरशीवरून परतणारा घुमारा त्यात छान आला.

बांबूचा आवाज टिपायला अवघड आहे, कारण तो क्षणात उगवतो आणि क्षणात मावळतो. काशाचा स्वर रेंगाळतो, त्याला सावरायला वेळ मिळतो. इथे रबर गुंडाळलेल्या काठीचा ठोका पडला की सगळं तिथेच. पातळी जरा जास्त ठेवली की ठोक्याचं टोक फाटतं. म्हणून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि पातळी भरपूर खाली. समोर दोन माइकची जोडी, शिवाय एक एक वाद्याजवळ. रात्रीची नमाज झाल्यावर सुरू करायचो. पाऊस कौलांवर आला की थांबायचो, आणि बेडकांना मात्र थांबवता येत नाही, त्यामुळे ते सगळ्या मुद्रणांत आहेत.

खरा पेच आला प्रत्येक वाद्य सुटं टिपताना. दोन गाम्बांग एकमेकांत गुंतून वाजतात: एकाचा स्वर पडतो तिथे दुसऱ्याची जागा रिकामी, आणि दुसरा ती भरतो. याला इम्बाल म्हणतात. वेग वाढला की दोन माणसं वाजवतायत हे कळतही नाही, एकच अखंड ओळ ऐकू येते. सिम्हा आरोम या संशोधकाने मध्य आफ्रिकेतल्या असल्याच गुंतलेल्या संगीतासाठी एक पद्धत काढली होती: एका वादकाचं मुद्रण दुसऱ्याच्या कानात ऐकवायचं आणि त्यावर त्याचा भाग सुटा वाजवून घ्यायचा. आम्ही ती वापरली. गाम्बांगवाल्यांनी हेडफोन लावून आपापला भाग स्वच्छ वाजवून दिला. शिकणाऱ्यांसाठी ते तुकडे फार उपयोगाचे आहेत. पण कंडांगवाल्या कांगांनी, म्हणजे दादांनी, हेडफोन काढून ठेवला. त्यांचं वाजवणं नाचणाऱ्या पावलांवर चालतं. पावलं समोर नसताना वाजवायचं तरी कशावर? मग एक मुलगी नाचायला उभी राहिली आणि कंडांगचा सुटा भाग तिच्या पैंजणाविना पावलांच्या आवाजासकट नोंदला गेला. मला तो भाग सगळ्यांत आवडतो.

दुसरा वाद सेंगाकानचा. ‘रिचिक-रिचिक’, ‘एलिंग-एलिंग’ यांसारखी बन्यूमासी गाणी सुरू झाली की वादक वाजवता वाजवता मधेच एकमेकांना तोंडाने साथ देतात, निरर्थक अक्षरांच्या लडी ठोक्यांच्या फटींत बसवतात, कुणी आरोळी देतो, कुणी शेजाऱ्याची फिरकी घेतो. सोलोहून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की संग्रहासाठी एक ‘स्वच्छ’ मुद्रण असावं, त्याशिवायचं, म्हणजे वाद्यं नीट ऐकू येतील. मागणी चुकीची नव्हती. पथकाने तसं वाजवायचं मान्य केलं आणि वाजवलंही. ऐकताना सगळ्यांनाच जाणवलं की वेग खाली आला, ठोके सावध झाले. पथकप्रमुख ऐकून म्हणाले, ‘हे आमचं नाही. हे बांबूवर वाजवलेलं सोलो आहे.’ ते मुद्रण त्यांच्या इच्छेप्रमाणे संग्रहात गेलं नाही. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. सेंगाकान हा गाण्यावर टाकलेला मसाला नव्हे, तो लयीचा भाग आहे. तोंडाची अक्षरं बंद झाली की हातही गप्प होतात हे आम्ही प्रत्यक्ष ऐकलं.

मुलाखतींतही तेच, वेगळ्या रूपात. मी सोलोत शिकलेली अदबीची जावानी बोलायची, आणि समोरची मंडळी पाहुणीच्या मानाने तितक्याच अदबीने किंवा सरळ इंडोनेशियनमध्ये उत्तरं द्यायची. उत्तरं बरोबर असायची, पण वर्तमानपत्रातल्या वाक्यांसारखी कोरडी. मंडळातल्या एका मुलीने सुचवलं की मुलाखती आम्ही घेतो, तू फक्त यंत्र सांभाळ. तिने आपल्या आजोळच्या बोलीत सुरुवात केली आणि त्याच माणसाने, ज्याने मला ‘ही कला आमच्या पूर्वजांचा अनमोल ठेवा आहे’ असं सांगितलं होतं, लहानपणी पहाटे पथकाबरोबर चालताना गोंगचा नळा खांद्याला कसा काचायचा, कोणत्या गावात पैसे मिळायचे आणि कोणत्या गावात नुसता भात, ते तासभर सांगितलं. तेव्हापासून सगळ्या मुलाखती न्गापाकमध्ये, गावच्याच मुलांनी घेतलेल्या. लिहून काढतानाही ‘आ’ला ‘आ’च ठेवलं. ज्या मंडपाला सोलोत पेंडॉपॉ म्हणतात त्याला बन्यूमासमध्ये पेंडापा म्हणतात, तर आमच्या कागदावर तो पेंडापाच आहे.

चालुंगबरोबर लेंगेर येतेच. लेंगेर म्हणजे गाणारी, नाचणारी मुख्य कलावंत. तिच्याशिवाय चालुंग पूर्वी कुणी बोलवायचं नाही. ही कलावंत पुष्कळदा पुरुष असायची, स्त्रीवेशातली, आणि गावात तिला मान असायचा, कारण तिच्या अंगात इंडांग नावाचा आत्मा उतरतो अशी श्रद्धा. दारिया हे यातलं मोठं नाव. सोमागेदे भागातल्या, जन्मनाव सादाम. लेंगेर म्हणून त्यांनी उभा मुलूख गाजवला. २०१८ मध्ये त्या वारल्या. आज बन्यूमासचाच रिआंतो हा नर्तक लेंगेरची परंपरा घेऊन जगभर नाचतो, आणि गावातल्या मुलांना त्याचा फार अभिमान आहे. पण मधला काळ वाईट गेला. १९६५ नंतर इंडोनेशियात डाव्यांविरुद्ध जे हत्याकांड झालं त्यात लाखो माणसं मेली, आणि खेड्यांतल्या कलापथकांवरही संशयाची नजर गेली. कित्येकांनी वाद्यं माळ्यावर टाकली. एका वयस्क लेंगेर बाईंशी बोलताना गोष्ट त्या वर्षांवर आली तेव्हा त्यांनी हाताने यंत्र बंद करायची खूण केली. मी बंद केलं. नोंदीत त्या जागी ‘वक्त्याच्या इच्छेवरून मुद्रण थांबवले’ एवढं लिहिलं आहे, किती वेळ आणि कशाबद्दल ते लिहिलेलं नाही.

कार्यक्रमाआधीचा विधी हाही असाच विषय. केळी, फुलं, धूप, विडा असं साजेन मांडतात आणि इंडांगला बोलावतात. पथकाने आम्हाला तो टिपू दिला, पण तो इंटरनेटवर जाऊ नये असं सांगितलं. त्यामुळे त्याची एकच प्रत आहे, गावातल्या डिस्कवर. बाकी गाणी, वाद्यनिर्मिती, मुलाखती खुल्या ठेवल्या. कोणती गोष्ट कुणाला बघायला मिळेल हे प्रत्येक फाइलसमोर लिहायला बराच वेळ गेला, आणि माझ्या मते सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. मुद्रण करणारा पुष्कळदा निघून जातो. फाइल राहते आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे यावरून पुढचं सगळं ठरतं.

नावांवरूनही चर्चा झडली. आम्ही ज्या संग्रहासाठी माहितीपत्रक भरत होतो त्यात कलाप्रकाराच्या यादीत ‘जावानी गामेलान’ होतं, ‘सुंदा बांबूवाद्य’ होतं, चालुंग नव्हतं. म्हातारी मंडळी म्हणाली, आम्ही गामेलानची स्वस्त नक्कल नाही आणि सुंदाही नाही. बराच पत्रव्यवहार करून ‘चालुंग बन्यूमासान’ असा वेगळा प्रकार यादीत आला. गाण्यांच्या नावापुढे गावाचं नाव आणि ज्याच्याकडून ते शिकलं त्या गुरूचं नाव हेही आलं. ‘रिचिक-रिचिक’ शेजारच्या गावात वेगळं वाजतं आणि इथल्या लोकांना तो फरक कळतो. यादीत तो दिसला नसता तर पुढच्या माणसाने एकच खरं आणि बाकीचं चुकीचं असं धरलं असतं.

तरुणांमध्ये सध्या जोर कंठोंगानचा आहे. पहारेकऱ्याच्या, ठोकून वाजवायच्या बांबूच्या नळकांड्यापासून निघालेला वीसतीस जणांचा ताफा, आंगक्लुंग, चालुंगच्या नळ्या, ढोल, एकसारखे कपडे, मिरवणुका, स्पर्धा. त्यातल्या नळ्या पाश्चात्त्य स्वरांत लावलेल्या असतात, म्हणजे डांगडुत या तिथल्या लोकप्रिय नाचगाण्यापासून सिनेमातल्या गाण्यांपर्यंत काहीही वाजवता येतं. जुन्या मंडळींपैकी काहींना हे खुपतं. मी ऐकलं, आणि मला त्यातला उत्साह खरा वाटला. स्लेंद्रो विसरला जाईल ही भीतीही खरी आहे, पण ज्या मुलाने ट्यूनर ॲप काढलं होतं तो कंठोंगानमधूनच चालुंगकडे आला होता, आणि आता म्बाहांकडे नळ्या तासायला बसतो.

शेवटी प्रती वाटल्या. एक डिस्क कारांग तारुनाकडे, एक पथकप्रमुखांकडे, एक सोलोच्या संस्थेत. विधीची फाइल फक्त पहिलीत. व्हॉट्सॲपवरून पाठवलं की आवाज दाबला जातो, म्हणून सुटे सरावतुकडे मेमरी कार्डांवर घालून दिले. स्वरांच्या आकड्यांचा तक्ता छापून म्बाहांच्या घरी भिंतीवर लावलाय. ते त्याच्याकडे बघत नाहीत, पण त्यांचा नवा शिष्य बघतो. मंडळाने आता शेजारच्या दोन गावांच्या पथकांशी बोलणी सुरू केली आहेत. यंत्र मी शिकवून आले आहे, मुलाखती घ्यायला माणसं त्यांच्याकडे आहेत, माहितीपत्रकाचा नमुना न्गापाकमध्ये तयार आहे. पाऊस संपला की बांबू तोडायचा आहे आणि त्या वेळी पावसासाठी होणाऱ्या बारितान विधीतलं चालुंग कसं टिपायचं, आणि टिपायचं की नाही, हे ठरवायला त्यांची बैठक व्हायची आहे.